ठोकळ्याचा पासवर्ड

वन्सं गप्प बसल्या त्याला सहा दिवस झाले होते आणि घराला अजून त्याची सवय होत नव्हती. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. घसा बसला तरी जीभ बसत नाही, अशी त्यांची ख्याती. शेवटी स्वरतंतूंवर गाठी आल्या, त्या काढाव्या लागल्या, आणि दोन आठवडे तोंडातून ब्र काढायचा नाही असं बजावून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने म्हणे घशाला उलट जास्त ताण पडतो. तेव्हापासून वन्सं पाठकोऱ्या कागदांवर लाल पेनाने लिहून बोलत होत्या. हे बोलण्यापेक्षा वाईट, असं त्यांच्या धाकट्या भावाचं मत झालं होतं. बोललेलं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येतं. कागद मात्र फ्रिजच्या दारावर चिकटून राहतो.

हा भाऊ म्हणजे कात्रीचा नवरा. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते वन्संनी ठेवलेलं. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका लहानशा वाचनालयात या नणंद-भावजया दोघी काम करत. वन्सं काचेच्या खोलीत बसून वाचायच्या आणि कात्री नंतर ते वाचन कापून साफ करायची. खोकला, आवंढा, पान उलटल्याची खसखस, चुकलेला शब्द, दोन वाक्यांमधला सुस्कारा. तिच्या तावडीतून काही म्हणजे काही सुटत नसे. "माझा श्वाससुद्धा ठेवत नाहीस, कात्री कुठली," असं वन्सं एकदा वैतागून म्हणाल्या आणि नाव चिकटलं. आता नवराही तिला त्याच नावाने हाक मारत असे. कात्रीला मनातून त्याचा अभिमानच होता. तिच्या हातून गेलेल्या वाचनात कुठे ठेच लागलेली दाखवा आणि बक्षीस मिळवा, असं ती म्हणायची.

वन्संनी काचेच्या खोलीत वाचलेलं सगळं तारेने आतल्या सामानाच्या खोलीत जायचं आणि तिथल्या एका जुन्या संगणकात साठायचं. त्या संगणकाला ना पडदा, ना कीबोर्ड. फळीखाली पडलेला काळा ठोकळा तो, म्हणून त्याचं नावही ठोकळाच. कात्री घरी बसून आपल्या लॅपटॉपवरून त्यात शिरायची. लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपचा एक प्रोग्राम होता. त्यात 'ठोकळा' या नावावर दोनदा टिचकी मारली की ठोकळ्याच्या आतलं सगळं तिच्या पडद्यावर उघडायचं. पासवर्ड प्रोग्रामनेच लक्षात ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी तिने तो एकदा घातला, त्यानंतर त्या जागी आठ ठिपके दिसायचे आणि दार उघडायचं. उघडणाऱ्या दाराची किल्ली कोण कशाला निरखून बघेल?

मग बुधवारी वाचनालयात पाण्याचा पाइप फुटला. सामानाच्या खोलीत घोटाभर पाणी झालं. ठोकळा तसा वाचला, पण त्याच्या पाठीमागे नेटवर्कची तार खुपसायची जागा असते तिथे पाणी शिरलं आणि ती जागा निकामी झाली. नवऱ्याने तो गाडीत घालून घरी आणला. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने येऊन तो उघडला, वाळवला, तपासला. "बाकी ठणठणीत आहे. फक्त आता लांबून आत जाता येणार नाही, याच्यासमोर बसूनच काम करायला लागेल," असं सांगून तो पुढच्या घरी गेला. गुरुवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून ठोकळ्याला एक जुना पडदा आणि वन्संचा कीबोर्ड जोडला. बटण दाबलं. आणि ठोकळ्याने आयुष्यात पहिल्यांदा कात्रीच्या तोंडावर विचारलं, पासवर्ड काय?

प्रश्न नुसता संगणकाचा असता तर कात्रीने त्याला दोन दिवस तसाच ताटकळत ठेवला असता. पण त्याच्या पोटात चौदा पाठ होते आणि त्या पाठांवर एका बाईची नोकरीतली शेवटची संधी अडली होती. ही बाई एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर. तिला जन्मापासून दिसत नसे. अठरा वर्षं तिने लोकांचे फोन जोडून दिले. आता तिला पर्यवेक्षक व्हायचं होतं, आणि त्यासाठी खात्याची परीक्षा. परीक्षेला तीनदाच बसता येतं. ती दोनदा नापास झालेली. तिसरी वेळ या सोमवारी. अभ्यासाला एकच पुस्तक, कार्यालयीन नियमांचं, साठ पाठांचं, असं रुक्ष की वाचून तहान लागावी. सेहेचाळीस पाठ कात्रीने साफ करून पोचते केले होते. उरलेले चौदा वन्संनी शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात, दुखऱ्या घशाने, दिवसाला दोन असे वाचून काढले होते. आता वन्संचा घसा बंद होता. पुस्तक खात्याचं, तेही मुदत संपली म्हणून परत गेलं होतं. म्हणजे ते चौदा पाठ जगात एकाच ठिकाणी होते आणि ते ठिकाण जेवणाच्या टेबलावर बसून पासवर्ड मागत होतं.

"मग टाक की पासवर्ड," नवरा म्हणाला.

कात्रीने टाकला. चुकीचा, असं ठोकळा म्हणाला. तिने पुन्हा, एकेक कळ बघून टाकला. चुकीचा.

"काय ठेवला होतास?" नवऱ्याने विचारलं.

"बोलू नको."

नवरा चमकला. पंचवीस वर्षांच्या संसारात ती त्याला 'अहो' सोडून काही म्हणाली नव्हती. भांडणातसुद्धा ती 'अहो, तुम्ही मूर्ख आहात का' इथपर्यंतच जायची.

"नको?" तो म्हणाला. "बरं. नाही बोलत." आणि खरंच उठून स्वयंपाकघरात गेला.

"अहो, तुम्हाला नाही म्हटलं. पासवर्डच तो आहे. 'बोलू नको'."

सोफ्यावर बसलेल्या वन्संचे खांदे हलायला लागले. त्यांना हसायचीही मनाई होती, पण ती त्या पाळत नव्हत्या. शब्द मुळात त्यांचेच. काचेच्या खोलीत वाचन चालू असताना काचेबाहेर बसलेली कात्री हेडफोनमधून हळूच काही सुचवायला गेली की वन्सं बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "बोलू नको, वाचतेय." दिवसातून दहादा ऐकलेलं वाक्य विसरणार कसं, म्हणून कात्रीने तोच पासवर्ड ठेवला होता. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून: बी, ओ, एल, यू, एन, ए, के, ओ. आठ अक्षरं, आठ ठिपके. तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ठोकळ्याच्या मनात मात्र होती. आणि मराठी माणसाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं म्हणजे ज्याचं त्याचं व्याकरण. 'लू'ला यू लावला होता की दोन ओ? 'न'ला एक ए की दोन? कात्री एकेक करून बघत गेली. पाचव्या चुकीनंतर ठोकळ्याने दार धाडकन लावून घेतलं: आता पंधरा मिनिटं थांबा.

वन्संनी लाल पेनाचं टोपण काढलं. कागद टेबलावर आला. 'मी तेव्हाच म्हटलं होतं, लिहून ठेव.' खाली दोन रेघा.

"हो, म्हणाला होतात," कात्री म्हणाली. "तुम्ही काय म्हणाला नव्हतात ते सांगा."

"होतं असं," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "परवा नाही का गॅसवर दूध ठेवून तू..."

"ते दूध तुम्ही ठेवलं होतंत."

पण त्याचं बोलणं लागलं. आतापर्यंत कात्रीला राग ठोकळ्याचा येत होता. आता स्वतःचीच भीती वाटायला लागली. ज्या गोष्टीबद्दल आपण डोळे मिटून शपथ घेतली असती तीच जर चुकीची निघत असेल, तर बाकी कशाचा भरवसा धरायचा? तिने पंधरा मिनिटं संपण्याची वाट बघितली, पाच वेळा प्रयत्न केला, पुन्हा दार बंद. मग तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"अहो, एवढंच ना?" तो म्हणाला. "पासवर्ड उडवून देतो. दहा मिनिटांचं काम." मग जरा थांबून त्याने विचारलं, "पण आतलं काही कुलूपबंद करून ठेवलंय का?"

ठेवलं होतं. पुस्तकं फक्त अंध वाचकांपर्यंतच जावीत, अशी छापणाऱ्यांची अट असायची. म्हणून ध्वनिमुद्रणाची सगळी फोल्डर कात्रीने ठोकळ्यातल्याच एका सोयीने कुलूपबंद केली होती. तिने तसं सांगितलं.

"मग हात लावू नका," दुरुस्तीवाल्याचा आवाज बदलला. "ते कुलूप याच पासवर्डने बांधलेलं असतं. पासवर्ड बाहेरून उडवला तर दार उघडेल, पण आतलं सगळं कायमचं गेलं समजा. मी तसं करून बसलो असतो तर तुम्ही मला जन्मभर शिव्या दिल्या असत्या." त्याने पुन्हा थोडा विचार केला. "बरं, इतके दिवस तुमचा लॅपटॉप आत कसा जात होता?"

"त्याच्यात पासवर्ड साठवलेला आहे. पण नुसते ठिपके दिसतात."

"दिसू दे ठिपके. तो रोज ठोकळ्याला पासवर्ड सांगतो म्हणजे त्याला तो ठाऊक असणारच. ठोकळ्याला सांगतो तसा तुम्हाला सांग म्हणावं. लॅपटॉप तुमचा, पासवर्ड तुमचा, त्यात चोरी कसली?"

आणि त्याने युक्ती सांगितली. त्या प्रोग्रामला एक सोय होती: साठवलेलं नाव आणि पासवर्ड तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हातात देऊ शकायचा, म्हणजे त्या दुसऱ्यालाही आपसूक आत शिरता यावं. "तर त्याला म्हणायचं, पासवर्ड संगणकाला हुकूम लिहून देतात त्या काळ्या खिडकीच्या हातात दे, आणि खिडकीला म्हणायचं, जे हातात येईल ते नुसतं लिहून दाखव. संपलं."

ऐकायला सोपं होतं. करायला अर्धा तास गेला, कारण सेटिंगच्या त्या पानावर प्रत्येक चिन्ह जिथल्या तिथे हवं होतं आणि कात्रीने एक टक्क्याचं चिन्ह गाळलं होतं. ते सापडलं, बसवलं. शेवटी तिने 'ठोकळा'वर उजवी टिचकी मारली, नवीन सोय निवडली. काळी खिडकी उघडली. नवरा आणि वन्सं तिच्या दोन खांद्यांवरून वाकून बघत होते.

खिडकीत आठ चौकोन होते. रिकामे, पांढऱ्या कडांचे, एका रांगेत.

"आधी ठिपके होते, आता चौकोन झाले," नवरा म्हणाला. "प्रगती आहे."

तेवढ्यात फोन वाजला. ऑपरेटर बाई. रोज याच वेळी, तिची पाळी संपली की ती फोन करायची आणि रोज 'घाई नाही' असं म्हणायची. अठरा वर्षं लोकांच्या घाया ऐकल्यामुळे तिला स्वतःची घाई दाखवायची लाज वाटत असावी.

"ताई, सहज केला," ती म्हणाली. "सेहेचाळीस दोनदा ऐकून झाले. म्हटलं पुढचे तयार असतील तर... नाहीतर उद्या चालतील. घाई नाही."

कात्रीच्या तोंडाशी दहा सबबी आल्या. पण खोटं बोलायला तिची जीभ रेटली नाही. "पाठ वाचून झालेत," ती म्हणाली. "पण ते ज्या संगणकात आहेत त्याचा पासवर्ड लागत नाहीये. मी प्रयत्न करतेय."

"लागेल," ऑपरेटर बाई म्हणाली. "तुमचाच आहे ना? आपली वस्तू कुठे जात नाही." आणि कात्रीला आणखी बोलायला लागू नये म्हणून तिनेच फोन ठेवला.

कात्री लॅपटॉपसमोर जाऊन बसली. आठ चौकोन तिच्याकडे बघत होते. ती रडकुंडीला आली होती, पण कामाची सवय जात नाही. वाचन कापताना पडद्यावर आवाजाची रेघ सपाट दिसली म्हणजे तिथे काही नाही असं ती कधी मानत नसे. कधीकधी आवाज असतो, फक्त यंत्र तो दाखवत नाही. हे चौकोनही तसेच असतील तर? पासवर्ड आलाय, पण या काळ्या खिडकीला त्याची अक्षरं काढता येत नसतील? तिने चौकोनांवरून माउस फिरवला, त्यांची नक्कल उचलली आणि रोज पाठांच्या नोंदी लिहायची त्या पांढऱ्या पानावर नेऊन ठेवली.

पानावर उमटलं: वदतहलोकद.

तिघांनीही वाकून ते वाचलं. वन्संनी अर्थातच मनातल्या मनात.

"वदत हलो कद," नवऱ्याने वाचलं. पुन्हा वाचलं, वेगळ्या ठिकाणी तोडून. "वद तह लोकद. ही कुठली भाषा?"

"कुणीतरी आत शिरून पासवर्ड बदलला," कात्री म्हणाली. "हे मी लिहिलेलंच नाही. माझ्या सात पिढ्यांत कुणी असं लिहिलेलं नाही."

वन्संनी तिच्या खांद्यावर टपली मारली. शाळेत पाढा चुकला की मारत असतील तशीच, जोरात. मग त्या ठोकळ्याच्या कीबोर्डपाशी गेल्या. हा कीबोर्ड त्यांचाच होता. शाळेत शेवटची दहा वर्षं त्या मुलांना मराठी टंकलेखनही शिकवायच्या, आणि त्यांच्या कीबोर्डच्या प्रत्येक कळेवर इंग्रजी अक्षराशेजारी मराठी अक्षराची बारीक चिकटपट्टी होती. त्यांनी लाल पेन उलटं धरलं आणि पेनाच्या बुडाने एक कळ दाखवली.

कळेवर व होता. त्याच्याशेजारी, बी.

पेन सरकलं. द. तीच ओची कळ. मग त, म्हणजे एल. ह, म्हणजे यू. कात्रीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. ल, एन. ओकाराची मात्रा, ए. क, के. आणि पुन्हा द, पुन्हा ओ.

बी, ओ, एल, यू, एन, ए, के, ओ.

"बोलू नको," कात्री म्हणाली, आणि या वेळी नवऱ्याला राग आला नाही.

सगळा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी ती पाठांची नावं मराठीत घालत होती. नावं संपली, तशीच ती पासवर्ड बदलायला वळली आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला. तिने बोटांनी इंग्रजीत 'बोलू नको' लिहिलं आणि संगणकाने इमानेइतबारे मराठीत वदतहलोकद लिहून घेतलं. समोर अक्षरं असती तर तिच्या एका क्षणात लक्षात आलं असतं. पण समोर ठिपके होते, आणि ठिपके इंग्रजीचेही तसेच दिसतात आणि मराठीचेही तसेच. ठोकळ्याने खात्रीसाठी पुन्हा लिहायला सांगितलं, तिने पुन्हा तेच लिहिलं. प्रोग्राममध्ये साठवताना तिसऱ्यांदा तेच. एकच चूक तीनदा केली की तिला नियम म्हणतात.

वन्संनी मधल्या काळात कागद भरला होता. 'वदत म्हणजे बोलत. नको म्हणालीस आणि बोलत राहिलीस. तुझा स्वभावच आहे.'

दाराची पंधरा मिनिटं संपून बराच वेळ झाला होता. कात्रीने दोन कळा एकदम दाबून ठोकळ्याची भाषा मराठी केली. कोपऱ्यातलं बारीक अक्षर बदललं. तिने हात पुसले. मग तिने आठ कळा दाबल्या, अगदी त्याच ज्या दुपारपासून दाबत होती, आणि पडदा उघडला.

फोल्डर उघडलं. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास... तिने साठपर्यंत बोट लावून मोजले. चौदाच्या चौदा होते. एक उघडून बघितला तर वन्संचा आवाज खोलीत आला, बसका, घशात वाळू असल्यासारखा, पण स्पष्ट. कात्रीला एकदम इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली आणि हसताहसता तिचे डोळे भरले. पाठ मिळाले, हा एक आनंद. आणि आपण विसरलो नव्हतो, हा दुसरा. दुपारभर जी बाई स्वतःला म्हातारी झाली समजत होती, तिची आठवण अक्षरशः बरोबर निघाली होती.

"मी बोललो होतो ना, दूध मीच ठेवलं होतं," नवरा म्हणाला. तो असं काही बोलला नव्हता, पण त्या क्षणी त्याला सगळं माफ होतं. त्याने तिघांसाठी चहा टाकला आणि तो उतू जाऊ दिला नाही.

मग नवा पेच. पाठ हातात आले, पण कच्चे. एका पाठाची साफसफाई म्हणजे तिचे चार तास. चौदा पाठांचे किती, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. "निदान मोठे खोकले तरी काढते," कात्री म्हणाली. "हे असं बाहेर गेलं तर माझी अब्रू काय राहील? यात तुम्ही अडखळताय, पाणी पिताय, मला हाका मारताय."

वन्संनी लिहिलं, 'परीक्षा तिची आहे की तुझ्या अब्रूची?'

कात्रीने चौदाही पाठ जसेच्या तसे उचलले, त्यांना नाव-क्रमांक दिले, आणि दिवे लागायच्या आत ऑपरेटर बाईकडे रवाना केले. सोबत निरोप ठेवला: 'साफ करायला वेळ मिळाला नाही, क्षमस्व.' पासवर्ड वन्संनी मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहिला, खाली 'कीबोर्ड मराठी' असं लिहिलं, आणि कागद घडी करून कपाटातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवला. फ्रिजवर नाही लावला, एवढी सभ्यता दाखवली.

शुक्रवारी ऑपरेटर बाईचा फोन आला नाही. शनिवारीही नाही. कात्री बेचैन होती. तिने मधेच एक पाठ ऐकून बघितला आणि तिसऱ्या मिनिटाला बंद केला, इतके त्यात अडथळे.

रविवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. कात्रीने वन्संना ऐकू यावं म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सगळे ऐकून झाले, ताई," ऑपरेटर बाई म्हणाली. "काही दोनदा झाले. एक विचारायचं होतं."

"विचारा ना." कात्रीने फोन जवळ ओढला.

"पंचावन्नाव्या पाठात त्या बाई मधेच थांबतात. म्हणतात, 'कात्री, हे वाक्य मला मेलीला काही कळलं नाही, परत वाचते.' परत वाचतात. मग म्हणतात, 'अजून नाही.' तिसऱ्यांदा अगदी हळू वाचतात आणि म्हणतात, 'हां, म्हणजे आधी रजा मंजूर, मग बदली. असं सरळ लिहायला काय झालं होतं यांना?'"

"हो, ते कापायचं राहिलं," कात्री घाईघाईने म्हणाली. "तसं जायला नको होतं. माफ करा."

"नाही हो." ऑपरेटर बाईचा आवाज बारीक झाला. "त्या वाक्यावर माझे दोन्ही वेळा मार्क गेले. मला ते कधी कळलंच नव्हतं. परवा त्या तिसऱ्यांदा वाचत होत्या तेव्हा मलाही कळलं, त्यांच्याबरोबरच. आधीच्या सेहेचाळीस पाठांत त्या कुठे म्हणजे कुठे अडत नाहीत. अडायची मीच. मला वाटायचं, पुस्तक सोपंच आहे, सगळ्यांना एकदा वाचून कळतं, डोकं माझंच मठ्ठ आहे."

त्या सेहेचाळीस पाठांतून तिने किती 'परत वाचते' काढून टाकले होते, ते तिलाच ठाऊक होतं. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की आपण वाट मोकळी करतोय. वन्संनी पेनाचं टोपण काढलं होतं, पण त्या काही लिहीत नव्हत्या.

"उद्या परीक्षा आहे," ऑपरेटर बाई म्हणाली. "सगळं ऐकणं आता होणार नाही. पण सातवा, एकोणिसावा आणि तेहेतिसावा. ते तीन मला कधीच जमले नाहीत. ते न कापलेले आहेत का हो तुमच्याकडे?"

कात्रीने वन्संकडे पाहिलं. वन्संनी पदराने डोळे पुसले आणि टेबलावरच्या ठोकळ्याकडे बोट केलं.

"आहेत," कात्री म्हणाली. "सगळे ठेवलेत. आत्ता पाठवते, फोन ठेवू नका."